फॉर्मवर न लिहिलेली गोळी

‘विचारा की!’ या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईंनी सांगलीत एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं आहे.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी पेरूमध्ये, इकितोसजवळच्या एका केंद्रात आयावास्काच्या (जंगलातलं भास दाखवणारं पेय) सात दिवसांच्या शिबिराचं बुकिंग केलंय. पाच आठवडे उरलेत. गेली दोन वर्षं मी एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी घेते, पण हे ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही. केंद्राच्या फॉर्मवर ‘चालू असलेली औषधं’ असा रकाना आहे. आमच्यातला एकजण आधी जाऊन आलाय. तो म्हणतो, तिथे काही लिहायचंच नसतं, लिहिलं की नाकारतात. आहाराची मात्र मोठी यादी आलीय. मीठ, साखर, तिखट, लोणचं, चीज सगळं बंद. ती मी आत्तापासूनच पाळतेय. आणखी काय तयारी करू? आणि सगळ्यांसमोर उलट्या होतात म्हणे, त्याची फार लाज वाटते.

उत्तर : तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून ‘तू’ म्हणते. लोणचं सोडलंस आणि गोळी लपवलीस! दुकानात असतीस तर काउंटरच्या आत बोलावून बसवलं असतं तुला.

आधी त्या पेल्यात काय असतं ते बघ. दोन वनस्पती असतात. एक मनगटाएवढा जाड वेल आणि दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. हे झुडूप आपल्या कॉफीच्या कुळातलं. दृश्यं दाखवणारं द्रव्य, डीएमटी, पानात असतं. पण नुसती पानं उकळून प्यायलीस तर काही होत नाही, कारण पोटातलं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते द्रव्य तिथल्या तिथे मोडून टाकतं. वेलातली हार्मिन आणि हार्मलिन ही द्रव्यं त्या विकरालाच अडवतात. म्हणून दोन्ही एकत्र उकळायचं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या हजारो झाडांतून ही जोडी कुणी कशी शोधली, याचं मला औषधवाली म्हणून आजही नवल वाटतं.

आता तुझी गोळी. आपल्या मेंदूत मनःस्थितीशी संबंध असलेलं सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. समज, ते मोरीत पडणारं पाणी आहे आणि मोरीला दोन भोकं आहेत. एक तुझ्या एसिटालोप्रामने बुजवलंय, ते ठीक, तेच तिचं काम. दुसरं भोक म्हणजे ते विकर. ते वेल बुजवणार. मग पाणी उंबऱ्यावरून घरात येतं. कापरं भरतं, घाम फुटतो, ताप चढतो, छाती धडधडते, स्नायू ताठरतात, माणूस बरळायला लागतो. फार वाढलं तर जीवही जातो. त्यात अडचण अशी की आयावास्का घेतलेला माणूस एरवीही थरथरतो, घामाघूम होतो, ओकतो. तिथे त्याला ‘ला पुर्गा’ म्हणतात, म्हणजे शुद्धी. काळोखात तू खरोखर संकटात असशील तेव्हा शेजारी म्हणेल, ‘छान, निघतंय सगळं!’ आणि इकितोसला बाकीच्या पेरूतून रस्ता नाही. तिथे विमानाने जायचं नाहीतर नदीने.

मग गोळी बंद करून जाऊ का, असं विचारशील. हिशेब मांड. एसिटालोप्रामच्या माहितीपत्रकात अशा विकर रोखणाऱ्या औषधांआधी चौदा दिवसांचं अंतर सांगितलेलं असतं. (फ्लुओक्सेटिन ही याच जातीची गोळी असेल तर पाच आठवडे. ती अंगातून फार सावकाश जाते.) पण हे चौदा दिवस शेवटची गोळी घेतल्यापासून. दोन वर्षांची गोळी शेवटच्या गोळीपर्यंत आणायलाच डॉक्टर काही आठवडे घेतात. पाच आठवड्यांत हे बसत नाही. एका रात्रीत थांबवलीस तर चक्कर, झोपेचं खोबरं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं आणि मूळ दुखणं उलटून येणं. अशा अवस्थेत जंगलात जाऊन मन उकलायला बसणार? ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांकडे जा आणि आयावास्का हा शब्द उच्चारून विचार. ओरडतील. ओरडू देत.

त्यांना आणखी एक सांग. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर. आपल्याकडे अशी नावं कुणी घेत नाही. ‘काकांच्या डोक्यात जरा फरक पडला होता’ एवढंच बोलतात. आईला नीट विचार तो काका कोण होता. त्या घराण्यातल्यांनी या पेयापासून लांबच राहावं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. २०१७ साली भाची मानववंशशास्त्राच्या कामासाठी पेरूतल्या पुकाल्पाला होती, उकायाली नदीकाठी. यारिनाकोचा सरोवराकाठी शिपिबो या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आहे. मीही गेले. विमानात खोकला झाला म्हणून पर्समधलं सिरप घेतलं, सलग दोन दिवस. तिथल्या फॉर्मवर ‘औषधं : नाही’ असं ठोकून दिलं. खोकल्याचं सिरप हेही औषध असतं, हे एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगणारी बाई मी! संध्याकाळी उपचार करणाऱ्या आजीबाईंनी भाचीकरवी सहज विचारलं, ‘येताना खोकत होत्या, बरं कशानं वाटलं?’ सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं. तेही त्याच मोरीचं पहिलं भोक बुजवणारं. आजीबाईंना ते नाव माहीत नव्हतं, पण मी तोंडाचा आ करून ‘अय्या!’ केलेलं त्यांना पुरलं. त्यांनी मान हलवली. प्यायचं नाही, बसायचं.

बसले. दोन रात्री, कोरडी. तेव्हा जे दिसलं ते पिणाऱ्याला दिसत नाही.

मालोका म्हणजे शाकारलेली मोठी गोल झोपडी. भिंतीला लागून नऊ गाद्या, प्रत्येकीशेजारी प्लॅस्टिकची बादली, आपण धुण्याला घेतो तसली. आजीबाईंच्या परकरावर केने म्हणतात ती भूमितीची वेलबुट्टी. मापाचो तंबाखूचा धूर बाटलीत फुंकला, बारक्या पेल्यातून एकेकाला दिलं. आमटी भांड्याला लागल्यावर तळाशी राहते त्या रंगाचं, आणि वास आंबलेल्या काढ्याचा. मग मेणबत्ती विझली. अर्धा तास फक्त बेडूक. मग पहिली उलटी, आणि त्याच वेळी आजीबाईंनी बारीक, थरथरत्या आवाजात इकारो म्हणायला सुरुवात केली. ही गाणी त्यांना झाडांकडून मिळतात, असं त्या लोकांचं सांगणं. एकेकाच्या पुढ्यात बसून त्या गायच्या. माझ्याही पुढ्यात बसल्या, पूर्ण गायल्या. नंतर भाचीने सांगितलं, जुन्या रिवाजात बहुतेक वेळा उपचार करणाराच पितो. आजाऱ्याने प्यायलाच हवं असं नव्हतं. पेरू सरकारने २००८ साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवला तो अ‍ॅमेझॉनमधल्या मूळ रहिवाशांच्या या ज्ञानाला आणि परंपरेला. आपण पर्यटक गेलो आणि सगळ्यांच्याच हातात पेला आला.

तेव्हा केंद्राला खरं लिही आणि विचार, ‘न पिता बसू देता का?’ नाही म्हणाले तर पैसे गेले असं समज. जे केंद्र तुझी गोळी चालते म्हणून कळवेल, तिथे तर जाऊच नकोस. पेल्यात तोए घालता का, हेही विचार. तो आपल्या धोत्र्याचा भाऊबंद. रात्री स्त्री उपचारक किंवा सेविका खोलीत असते का, ते विचार. काळोखात गुंगीत असलेल्या बायकांचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणं जगभर उघड झाली आहेत. विचारायला लाजू नकोस.

राहिली उलटीची लाज. नऊ जण ओकत असताना कुणी कुणाकडे बघत नाही. खरा त्रास मदत करणाऱ्यांचा होतो. एक तरुण रडायला लागला तर त्याची मैत्रीण रांगत जाऊन त्याला कुरवाळायला लागली. तो दचकला, किंचाळला, मग तीही रडायला लागली. सेवकाला दोघांना वेगळं करायला बराच वेळ लागला. सहा जण जाताय तर आधीच ठरवा : रात्री कुणी कुणाला हात लावायचा नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, टॉर्च जमिनीकडेच धरायचा. आणि सकाळी ‘तुला काय दिसलं?’ म्हणून मागे लागायचं नाही. मला विचारशील तर ऑफिसच्या माणसांबरोबर हे करूच नये. ज्याच्यापुढे रात्री आईच्या नावाने टाहो फोडलास, तोच सोमवारी तुझं अ‍ॅप्रेझल करणार.

प्रश्न : गोव्यात एका व्हिलावर वीकेंडला वीस जणांचा असाच कार्यक्रम आहे. आयोजक म्हणतात, वनस्पतीच आहे, त्यामुळे कायद्याची भीती नाही. म्हापशाहून मित्र आग्रह करतोय. जावं का?

उत्तर : नको. अफूही वनस्पतीच आहे. १९८५ च्या अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत डीएमटी आहे, मग ते पुडीत असो की काढ्यात. शिवाय पुडी कुठून आली, वेलाऐवजी हरमल (त्याच विकराला अडवणारी दुसरी वनस्पती) घातलंय की आणखी काही, हे ‘वनस्पतीच आहे’ म्हणणाऱ्याला सांगता यायचं नाही. वीस जणांत रात्री शुद्धीवर किती जण असणार, एवढं एकदा मित्राला विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

प्रश्न : माझा मुलगा लिमाला नोकरीनिमित्त गेलाय. आता नाशिकला येण्याआधी पुकाल्पाला या समारंभाला जाणार आहे. थांबवू शकत नाही. गोळ्या कसल्याच नाहीत, डॉक्टरांना विचारलंय, रक्तदाब ठीक. आई म्हणून आणखी काय सांगू?

उत्तर : वहिनी, पीतज्वराची लस. जंगलात जायच्या किमान दहा दिवस आधी, आणि पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवायचं. पेरूहून भारतात उतरताना ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि तुम्ही इकडे पुरणपोळ्या करून बसलेल्या असाल. सर्दी-खोकल्याचं काहीही आपल्या मनाने घ्यायचं नाही, घेतलंच तर तिथे सांगायचं. अंगभर सुती कपडे द्या, डासांचं मलम, पायात सहज चढणारी चप्पल (रात्री अंधारात संडासापर्यंत जावं लागतं), एक जुनी शाल. समारंभापाठोपाठच्या दोन दिवसांत त्याने कुठलाही मोठा निर्णय फोनवर कळवला, म्हणजे नोकरी सोडतो, लग्न मोडतो असलं, तर ‘बरं, घरी आल्यावर बोलू’ म्हणा. बादली द्यायची गरज नाही. ती तिथे मिळते.