खुब्याचा सांधा बदलल्यावर एक्स-रेमध्ये कपचा कल ४८ अंश आला. सांधा चुकीचा बसला आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या रिपोर्टमध्ये कपचा, म्हणजे ओटीपोटाच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम वाटीचा, कल ४८ अंश आहे, '४० अंश योग्य' असं कुठेतरी वाचलंत आणि तेव्हापासून धास्ती बसली आहे. मी सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया करतो. नुसत्या ४८ या आकड्यावरून सांधा चुकीचा बसला असं म्हणता येत नाही.

तो ४० चा आकडा लेविनेक आणि सहकाऱ्यांच्या १९७८ च्या अभ्यासातून आला. त्यांनी कपचा कल ३० ते ५० अंश आणि पुढच्या बाजूचं वळण ५ ते २५ अंश ही सुरक्षित मर्यादा मांडली. ४० हा त्या कलाच्या मर्यादेचा मध्य आहे आणि ४८ त्यातच येतो. पण या चौकटीवरही फार विसंबू नका. २०१६ साली निखळलेल्या सांध्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक सांध्यांचे कप याच मर्यादेत बसलेले निघाले. स्नायूंची ताकद, कण्याचा ताठरपणा, स्टेमची (मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची) दिशा, हे सगळं मिळून सांधा जागेवर राहतो.

शिवाय एक्स-रे ही सावली आहे. ओटीपोटाचं हाड थोडं पुढेमागे कललं किंवा किरणांचा मध्य खुब्यावर धरला, तर तोच कप वेगळ्या कोनात दिसतो. झोपून आणि उभं राहून काढलेल्या फिल्ममध्येही फरक पडतो. म्हणून मी आधी फिल्म नीट आली आहे का ते पाहतो: ओटीपोटाच्या हाडातली दोन्ही बाजूंची मोठी छिद्रं सारखी दिसतात का, माकडहाड जघनास्थींच्या (ओटीपोटाच्या समोरच्या हाडांच्या) सांध्याच्या रेषेत आहे का. त्यानंतरच कोन मोजतो. समोरून काढलेल्या फिल्मवर कप पुढे वळलाय की मागे, हे खात्रीने कळत नाही. त्यासाठी बाजूने काढलेली फिल्म लागते आणि शंका उरली तर सीटी स्कॅन.

पायांची लांबीही याच फिल्मवर पाहतात. ओटीपोटाच्या हाडावर दोन्ही बाजूंना थेंबासारख्या दिसणाऱ्या 'टिअरड्रॉप' खुणा जोडून रेघ काढायची आणि मांडीच्या हाडावरच्या लहान उंचवट्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. फिल्मवर सगळं थोडं मोठं दिसतं, म्हणून बसवलेल्या गोळ्याचा खरा व्यास (बहुतेकदा २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटर) माहीत असेल तर त्यावरून माप दुरुस्त करता येतं. आईंना पाय लांब झाल्यासारखा वाटत असेल, तर सुरुवातीचे काही महिने ताठरलेल्या स्नायूंमुळेही तसं वाटतं.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढची प्रत्येक फिल्म त्याच्याशी ताडून बघायची असते. स्टेम खाली सरकला का, कपचा कोन बदलला का, धातू आणि हाडामध्ये काळी रेघ वाढत चालली आहे का, हे एका फिल्मवर ठरत नाही. तेव्हा मूळ डिजिटल फाइल मागून घ्या आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या; कागदावरची छापील प्रत मोजमापाला पुरत नाही. डॉक्टरांना नेमकं हे विचारा: 'आधीच्या फिल्मच्या तुलनेत काही हललंय का?'

अचानक असह्य दुखू लागलं, पाय आखूड होऊन वळला किंवा त्यावर भार देता येईना, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.