आजोबांची पद्मिनी सेल्फ मारते पण लागत नाही, कार्बोरेटर बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की अमळनेरच्या एका भाऊंनी आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी बाहेर काढलीय, आठ-नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती, इंजिन खोलून बांधलं, कलर झाला, आता सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही आणि एखाद्या वेळी लागलीच तर पंधरा-वीस मिनिटांत बंद पडते, मग पूर्ण थंड होईपर्यंत हूं की चूं नाही. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) बदला.

भाऊ, नका बदलू. म्हणजे आत्ताच नका बदलू. मी धुळ्याचा, माझ्याकडे पण पद्मिनी आहे, ती उभी करताना मी हेच केलं होतं, पहिले कार्बोरेटर आणला, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), मग प्लगचा सेट, आणि शेवटी दोष निघाला एका बोल्टखालच्या कलरमध्ये. ती गोष्ट पुढे सांगतो.

आमच्याकडे एक म्हातारे उस्ताद होते, सगळं आयुष्य फियाट आणि जीपमध्ये गेलेलं. कुठलीही बंद गाडी आली की बोनेट उघडायच्या आधी एकच वाक्य, "आधी करंट शे का ते देख, मंग बाकीनं." हे १०८९ सीसीचं इंजिन फार साधं आहे हो, त्यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर. करंट वेळेवर आला, पेट्रोल आलं आणि कॉम्प्रेशन असलं की त्याला लागावंच लागतं. तर तुमच्या मेकॅनिकने करंट बघितला का, हा माझा उलटा प्रश्न.

बघायचं असं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, त्याच्या कॅपच्या मधली जाड वायर काढा, इन्सुलेशनवाल्या पक्कडने धरा, टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं, हे सांगायची गरज नाही पण सांगतो. ठिणगी निळी आणि चट्-चट् आवाज करणारी आली तर करंट ठीक. पिवळी, बारीक, मरतुकडी आली तर कार्बोरेटर देवाने स्वतः येऊन बसवला तरी फरक पडणार नाही. बऱ्याच वर्षांच्या उभ्या गाडीत नव्वद टक्के इथेच सापडतं, निदान माझा अनुभव तसा.

मरतुकडी आली तर कॅप काढून पॉइंट (करंट तोडणारे-जोडणारे दोन कॉन्टॅक्ट) बघा. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर एक राखाडी थर बसतो, डोळ्याला दिसत पण नाही, पण करंट अडवतो. बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन-चार वेळा फिरवा, मग कोऱ्या कागदाची पट्टी मधे घालून ओढा म्हणजे धूळ निघून जाते. गॅप फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.४ ते ०.४५ मिमी ठेवा, आणि तो पॉइंट पूर्ण उघडलेला असताना मोजा, कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या मधल्या फिरत्या दांड्याच्या) उंच टोकावर, नाहीतर मोजून उपयोग नाही. काही लोक हेक्सॉ ब्लेडने गॅप घेतात, ते जाड पडतं. पॉइंट काळे-निळे जळालेले दिसले किंवा उघडताना त्यांच्यातच मोठी ठिणगी उडत असली तर कंडेन्सर गेलाय असं समजा. चेपलेल्या डब्यासारखा तो छोटासा पार्ट, पण त्याने मला जेवढा त्रास दिला तेवढा सगळ्या इंजिनने दिला नाही. नवीन आणाल तर दोन आणा, हल्ली जे मिळतात त्यातले काही डब्यातूनच मेलेले निघतात.

आता माझ्या बोल्टची गोष्ट. तुमचा पण कलर नुकताच झालाय म्हणून मुद्दाम सांगतोय. माझ्या गाडीचं इंजिन रूमसकट सगळं कलर केलं होतं, काय चकाचक दिसत होतं, येणारा-जाणारा बघायचा. पण सेल्फ असा फिरायचा की जणू बैलाला उठवतोय, आणि ठिणगी पिवळी. बॅटरी नवीन. दोन दिवस डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी सेल्फ मारता मारता चोकच्या केबलला हात लागला आणि चटका बसला, बघतो तर केबलच्या प्लास्टिकमधून धूर! कलरवाल्याने बॉडीला अर्थिंगचा पट्टा लावला होता तो ताज्या कलरवरच कसला होता, खाली पत्र्याला टेकतच नव्हता, मग सेल्फचा एवढा मोठा करंट बॅटरीकडे परत जायला वाट शोधत चोकच्या बारीक तारेतून जात होता. बोल्ट काढला, आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, कसला, वरून थोडं ग्रीस, आणि पहिल्या सेल्फला गाडी लागली. कार्बोरेटर, कॉइल, प्लग, सगळा खर्च वाया. तो जुना कार्बोरेटरच अजून गाडीवर आहे.

तुम्हाला हे दोन मिनिटांत तपासता येईल. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. फिरण्यात फरक पडला की समजा अर्थिंगच. मल्टिमीटर असेल तर बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवली पाहिजे, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. डिस्ट्रिब्युटर पण ब्लॉकमध्ये जिथे बसतो तिथे कलर नाही ना ते बघा, त्याचं अर्थिंग तिथूनच होतं.

टायमिंगचं (ठिणगी नेमक्या वेळी पडण्याचं) टेन्शन घेऊ नका. इंजिन बांधल्यावर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसणं ही जुनी चूक आहे, पण तुमची गाडी एकदा जरी नीट चाललीय म्हणजे तो उलटा नाही. प्लगच्या वायरी मात्र एकदा मोजून घ्या, रेडिएटरकडून पहिला धरायचा, क्रम १-३-४-२, आणि रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) कुठल्या बाजूने फिरतो ते आधी बघून मग मोजायचं.

ठिणगी निळी निघाली तर पेट्रोलकडे. कॉइलची जाड वायर काढून ब्लॉकला टेकवून ठेवा म्हणजे ठिणगी उडणार नाही, कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, सेल्फ मारा. इंजिनवरच्या पंपाने पेट्रोल जोरात, धक्क्या-धक्क्याने फेकलं पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक झाला असेल, किंवा पंपाच्या वरच्या जाळीत टाकीचा गंज अडकला असेल. एक करा, इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर डायाफ्राम फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये जातंय, तशी गाडी अजिबात चालवू नका. आणि आठ वर्षांचं जुनं पेट्रोल टाकीत असेल तर ते पेट्रोल राहिलेलं नाही, सरळ काढून टाका. आता मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, जुन्या काळचे रबरी पाइप आणि डायाफ्राम त्याने फुगतात-नरम पडतात, म्हणून हे दोन्ही इथेनॉलला चालणारे नवीनच घाला.

आता तुमचं दुसरं दुखणं, गरम झाल्यावर बंद. हा वेगळा आजार आहे आणि माझ्या मते तुमच्याकडे दोन आजार एकत्र आहेत, म्हणूनच तुमचा मेकॅनिक गोंधळलाय. माझी गाडी मे महिन्यात कन्नड घाटात बरोबर मध्यावर बंद पडली होती, चाळीसगाव सोडून वर चढत होतो, बायको-पोरं आत, वर ऊन असं की बोनेटवर भाकरी भाजली असती. मागे केळीचा ट्रक थांबला, ड्रायव्हरने काही न विचारता ओलं गोणपाट आणून इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर आणि पाइपवर टाकलं, म्हणाला पाच मिनिटं थांब भो. पाच मिनिटांनी गाडी लागली. पंप इंजिनला चिकटून बसलेला, पेट्रोलची आतच वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही, यालाच व्हेपर लॉक म्हणतात. नंतर घरी खोलून बघितलं तर पंप आणि ब्लॉकच्या मधे जो जाड फायबरचा स्पेसर असतो तोच नव्हता, कोणीतरी पातळ पॅकिंग लावून मोकळा झाला होता. तुमचं इंजिन नुकतंच खोललंय, म्हणून तो स्पेसर परत बसलाय का हे सगळ्यात आधी बघा. आणि पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला खेटून जात असेल तर लांबून न्या.

पण आधीच गोणपाट नका शोधू, कारण गरम झाल्यावर कंडेन्सर आणि कॉइल पण अशाच मान टाकतात आणि थंड झाल्या की परत शहाण्यासारख्या वागतात. म्हणून गाडी बंद पडली त्याच क्षणी, थंड होऊ न देता, तीच ठिणगीची टेस्ट करा. ठिणगी गेली असेल तर कंडेन्सर, मग कॉइल. कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापत असेल तर तुम्हाला बॅलास्टवाली (वेगळा रेझिस्टर लागणारी), दीड ओहमची कॉइल कोणीतरी दिलीय, या गाडीला साधी तीन ओहमवाली लागते. ठिणगी निळी असेल तर डिकीकडे जाऊन टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर टाकीला हवा घ्यायची वाटच बंद आहे, कलर करताना नळीचं तोंड बुजलं असेल किंवा झाकण नवीन असेल, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल येणं थांबतं, आणि हे पंधरा-वीस मिनिटांनी होऊ शकतं. मला तुमच्या प्रश्नातला तो पंधरा-वीसचा आकडा वाचून पहिला संशय हाच आला.

आणि बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा घाण वास येत असेल तर उलटा प्रकार, पेट्रोल जास्त झालंय, गरम कार्बोरेटरमधून उकळून इंजिनात उतरलंय. तेव्हा चोक अजिबात ओढू नका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, लागते.

हे सगळं संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा, दुपारी त्या पत्र्याला हात लावू नका. झाल्यावर इथे लिहा, ठिणगी निळी होती की पिवळी आणि टाकीने फुस्स केलं का.