मूळ भाषेत ब कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: बंध, बाहू, बुद्धी, बल असे ब-चे इतके शब्द संस्कृतात असताना आद्य इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या अभ्यासकांनी पुन्हा रचलेल्या पूर्वज भाषेत) ब जवळजवळ नव्हता, असं अभ्यासक कसं म्हणतात?

ते म्हणतात ते खरं आहे. पुनर्रचित धातूंमध्ये भ, द, स भरपूर सापडतात. ब असलेले खात्रीचे धातू मात्र बोटांवर मोजावे लागतात. आपले बरेचसे ब मुळात भ आहेत. धातूत दोन महाप्राण (भ, ध, घ असे ह-मिसळलेले ध्वनी) असले की संस्कृतात पहिल्याचा प्राण जातो. हा नियम जर्मन अभ्यासक ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडला. म्हणून 'भेन्ध्'चा बन्ध् झाला (त्यातून आपलं बांधणं), 'भेउध्'चा बुध् झाला. बाहूतही पूर्वी भ आणि घ होते. आता बुध्-चं भविष्यकाळी रूप बघा: भोत्स्यते. ध-चा त झाला, त्याचा प्राण गेला, आणि भ परत आला! पाणिनी इथे ब-चा भ करायला सांगतो. इतिहासात भ-च आधीचा. हे एक रूप मला पानभर पुराव्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मराठीत आणखी भर पडली ती व-मुळे: 'द्वादश'चं बारा, 'उपविशति'चं बसणे.

'पिबति'तला ब जुना आहे, लॅटिन 'बिबित'ही त्याचंच भावंड. पण तोही मूळचा प. धातूची द्विरुक्ती होताना प-शेजारी आलेल्या, पुढे लुप्त झालेल्या घशातल्या एका ध्वनीने त्याला घोष (स्वरतंतूंचं कंपन) दिला, असं मानतात. मराठीत तर तो उरलाच नाही, आपण नुसतं पितो. राहता राहिलं 'बल'. त्याचा संबंध रशियन 'बोल्शोय'शी (मोठा) जोडतात, पण त्यावर एकमत नाही.

मूळ भाषेतच ही पोकळी का, हा खरा अवघड भाग. घोष ध्वनींत ब उच्चारायला सोपा. गळायचाच तर ग गळतो, जसा थाई भाषेत ब आणि द आहेत, ग नाही. म्हणून १९७०च्या दशकात गम्क्रेलिद्झे-इवानोव आणि हॉपर या भाषाशास्त्रज्ञांनी सुचवलं, की ब-द-ग ही रांग मुळात घोष नव्हतीच. ते कंठद्वार मिटून झटक्याने सोडलेले प-त-क होते. अशा रांगेत ओठांवरचा ध्वनीच बहुधा गैरहजर असतो. कल्पना देखणी आहे, पण मला ती पटत नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह या सगळ्या शाखांमध्ये ते ध्वनी घोषच मिळतात, मग प्रत्येकीने तो बदल स्वतंत्रपणे केला असं मानावं लागतं.