पाउंड-फोर्सचं न्यूटन करताना 0.4536 ने गुणायचं की 9.81 ने? आणि टनाचं काय?

दोन्हींनी. 0.4536 ने पाउंडाचे किलो होतात, 9.80665 ने त्या किलोंचे न्यूटन, आणि या दोन आकड्यांचा गुणाकार 4.448. मनातल्या मनात करायचं तर साडेचारपट करा आणि त्यातून शेकडा एक वजा करा.

मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. यातला अर्धाच गुणाकार केल्यामुळे आमचा अख्खा लॉट अमेरिकेतून परत आला होता.

मी तेव्हा भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये ट्रेनी होते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटला 2500 पाउंड-फोर्सनं ओढून बघायचं लिहिलं होतं. आमच्या सुपरवायझर साहेबांची रीत ठरलेली: पाउंड भागिले 2.2046, झाले किलो. 1134. जुन्या टेस्टिंग मशीनचा काटा किलोग्रॅम-फोर्समध्येच फिरायचा, त्यामुळे वीस वर्षं ही रीत बरोबरच चालली. मग नवं डिजिटल मशीन आलं, न्यूटनवालं. त्यातही 1134 च भरले. भरायला हवे होते 11,120. म्हणजे जॉबवर जोर आला फक्त 255 पाउंड-फोर्सचा. सगळे नग पास.

मी म्हटलं, "साहेब, हे न्यूटन आहेत, किलो नाहीत." सगळ्या लाइनसमोर उत्तर मिळालं, "मॅडम, कॉलेजातलं कॉलेजात ठेवा. किलो म्हणजे किलो." मी गप्प बसले आणि त्या रजिस्टरवर सहीही केली. ती सही मला अजून टोचते.

दोन महिन्यांनी ग्राहकाकडे वेल्ड सुटले. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, दोष मशीनचा. दहापट चूक असती तर कुणाच्या तरी नजरेत आलीच असती. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. 1134 हा आकडा आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो. ओळखीच्या आकड्यावर नजर अडत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 ला मंगळापाशी गेलं ते असंच: जमिनीवरची एक प्रणाली पाउंड-फोर्स-सेकंदात आकडे देत होती, पुढची ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. 4.45 पटीची ही चूक नऊ महिन्यांच्या प्रवासात दुरुस्त झाली नाही. तिथे तर नासाची माणसं होती.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: बल किलोत बोलणं आणि लिहिणं बंद करा. "दोनशे किलोचा जोर" म्हणणाऱ्या वरिष्ठालाही तिथल्या तिथे विचारा, किलो की न्यूटन? विचारल्यानं अपमान होत नाही. रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी एकक नसेल तर सही करू नका, समोर कुणीही असो.

एक सांगायचं राहिलं. 9.80665 हा गुरुत्व त्वरणाचा 1901 मध्ये ठरवून घेतलेला प्रमाण आकडा आहे. पुण्यात गुरुत्व त्वरण साधारण 9.78 आहे, म्हणून वजनं टांगून लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) तपासत असाल तर स्थानिक आकडा धरा. रूपांतराला मात्र 9.80665 च. आणि जुन्या ब्रिटिश पुस्तकात "पाउंडल" दिसलं तर ते वेगळं एकक आहे, 0.138 न्यूटनचं.

टन तीन प्रकारचे. मेट्रिक टन-फोर्स म्हणजे 9.807 किलोन्यूटन, अमेरिकेचा 2000 पाउंडांचा 8.896, ब्रिटनचा 2240 पाउंडांचा 9.964. प्रेसच्या (दाब देणाऱ्या मशीनच्या) पाटीवर नुसतंच "टन" असेल तर प्रेस कुठल्या देशातला आहे ते बघा आणि बनवणाऱ्याच्या कागदांवरून खात्री करून घ्या.