गोवा-महाराष्ट्र सीमेवर ड्रग्जच्या धंद्याभोवती खुनाची रहस्यकथा लिहायचीय, गाव कुठलं घेऊ?

तेरेखोल घ्या! मी पेडण्याचा म्हणून सांगतो, गाव गोव्याचं पण नदीपलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटलेलं, केरीहून फेरीबोटीने जायचं नाहीतर किरणपाणीच्या पुलावरनं आरोंद्यातून वळसा. म्हणजे बॉडी नदीत सापडली की पहिला प्रश्न हद्द कुणाची, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो पण तपास शेवटी हद्दवाल्यांकडेच जातो, सगळा ताण तिथेच आहे.

आणि १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातला कायदा नीट वाचा, चरस १ किलोच्या वर गेला की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे व्यापारी प्रमाण, मग जामीन फार कठीण. एक विनंती, पकडला जातो तो बऱ्याचदा गावचा साधा पोरगा असतो, त्याच्या आईला कथेत जागा द्या, अशी घरं बघितलीयत आम्ही.