आब्रासाक्स: 365 ची बेरीज आणि मिथ्रसचा जादा एप्सिलॉन

प्रश्न असा आहे: “‘अब्राक्सास’ या प्राचीन ग्रीक शब्दाचा अर्थ काय? न्यूमरॉलॉजीत त्याचा आकडा 365 येतो, तो कसा? ‘अब्राकाडाब्रा’ यातूनच आला ना? आणि मराठीत लिहायचं कसं, अब्राक्सास की आब्रासाक्स?”

अब्राकाडाब्राचा निकाल आधी लावतो, कारण ही थाप ऐकून कान किटले आहेत. तो शब्द प्रथम भेटतो सेरेनस साम्मोनिकसच्या लॅटिन वैद्यकीय पद्यात. ठरावीक दिवसांनी उलटणाऱ्या तापावरचा तो उतारा आहे: शब्द लिहायचा, दर ओळीला एक अक्षर गाळत खाली यायचं आणि तो लेख गळ्यात बांधायचा. ग्रीक अक्षरांत त्याची बेरीज 233 होते. आरंभी ‘अब्रा’ आहे एवढ्यावरून नातं जोडायचं, तर अब्राहम लिंकनलाही पंगतीला बसवा.

दुसरी चीड ‘न्यूमरॉलॉजी’ची. इंग्रजी स्पेलिंगखाली 1 ते 9 आकडे मांडायचे, बेरीज एका आकड्यावर आणायची आणि याला म्हणायचं ‘पायथॅगोरसची पद्धत’! पायथॅगोरस इ.स.पू. 6व्या शतकातला. जे आणि डब्ल्यू ही अक्षरं त्याने जन्मात पाहिली नाहीत. शिवाय 365 ला या चरकात घातलं की 14 आणि मग 5 उरतात. म्हणजे शब्दाचा सगळा जीवच गेला.

ग्रीकांचा मामला निराळा होता. हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळापासून त्यांची रोजच्या हिशेबाची अक्षरं आणि आकडे एकच. 24 अक्षरं आणि वापरातून गेलेली तीन (6 साठी दिगम्मा, 90 साठी कोप्पा, 900 साठी सांपी), अशी 27 चिन्हं. नऊ एकक, नऊ दशक, नऊ शतक. नाव लिहिलं की आकडे लिहून झालेच, फक्त बेरीज करायची. आल्फा 1, बीटा 2, ऱ्हो 100, आल्फा 1, सिग्मा 200, आल्फा 1, क्सी 60. झाले 365.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. 786 हा आकडा टॅक्सीवर, नोटेवर पाहिला नाही असा मुंबईकर विरळा. ती बिस्मिल्लाच्या अरबी अक्षरांची अशीच बेरीज आहे. विजापूरच्या गोलघुमटावरच्या फारसी लेखातून मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचं हिजरी 1067 हे वर्ष निघतं, तेही याच वाटेने. आपली कटपयादी, म्हणजे अक्षरांनी अंक लिहायची जुनी संस्कृत पद्धत, मात्र यात ओढू नका. तिथे बेरीज नसते, अक्षरं स्थानानुसार अंक दाखवतात: ‘जय’ म्हणजे ज 8, य 1, उजवीकडून डावीकडे वाचून 18.

ग्रीकमध्ये या खेळाला इसोप्सेफिया म्हणतात. इसोस म्हणजे समान, प्सेफोस म्हणजे खडा. हिशेब खड्यांनी व्हायचा आणि अथेन्समध्ये मतही खड्याने दिलं जायचं, म्हणून निकालाच्या रात्री टीव्हीवर बसणारा सेफॉलॉजिस्ट हा मुळात खडे मोजणारा. त्याला खडान्‌खडा माहिती असते की नाही, हा वेगळा विषय. पाँपेईच्या भिंतीवर कुणा प्रेमिकाने खरडून ठेवलंय, ‘जिचा आकडा 545 तिच्यावर माझं प्रेम आहे.’ नाव कळू नये, पण कळणारीला कळावं, अशी सोय. रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलेली टवाळी याहून जहरी आहे. नेरॉन, म्हणजे सम्राट नीरो, 1005 आणि ‘स्वतःच्या आईला मारलं’ हे ग्रीक वाक्यही 1005. मी मांडून पाहिलं, चोख येतं.

आता अर्थाकडे. इ.स. 180 च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑंचा बिशप इरिनेयस सांगतो की अलेक्झांड्रियाच्या बासिलिडीस या गूढवादी गुरूच्या पंथात 365 स्वर्ग मानतात आणि त्यांच्या अधिपतीचं नाव आब्रासाक्स, कारण त्या नावात 365 आहेत. कोंबड्याचं डोकं, पायांच्या जागी साप, हातात चाबूक आणि ढाल अशी आकृती कोरलेल्या ताइताच्या खड्यांवर हे नाव सापडतं. मानसशास्त्रज्ञ युंगने पुढे या नावाचं जे केलं ते युंगवाल्यांना लखलाभ.

पंडितांना मात्र ‘धातू’ हवा असतो. वेंडेलिनने 17व्या शतकात एकेक अक्षर सोडवून चार हिब्रू आणि तीन ग्रीक शब्द काढले: पिता, पुत्र, आत्मा, पवित्र, आणि क्रुसावरून तारण. सात अक्षरांच्या कुठल्याही नावातून हवं ते काढता येतं, भेळवाल्याच्या पाटीतूनसुद्धा. बोसोब्रने ग्रीक ‘हाब्रोस’ म्हणजे सुंदर आणि ‘साओ’ म्हणजे तारतो यांचा सांधा जोडला. त्यात क्सी कुठून आला हे नीट पटत नाही. हिब्रू ‘अर्बा’ म्हणजे चार, म्हणजे देवाचं चार अक्षरी नाव, हा पक्ष त्यातल्या त्यात बरा. तरी मला तोही मान्य नाही. माझं मत: आधी आकडा, मग शब्द. 365 भरतील असं काहीतरी दणदणीत नाव घडवलं, अर्थ नंतर भक्तांनी भरला.

पुरावा शेजारी आहे. नेइलॉस, म्हणजे नाईल नदी, मांडून पाहा: 50, 5, 10, 30, 70, 200. 365! वर्षाच्या चक्राने चढणाऱ्या नदीला वर्षाचाच आकडा. आणि मिथ्रस, म्हणजे आपल्या वेदांमधल्या मित्र या देवाचा भाऊबंद? साध्या लेखनात 360 भरतात. मग मधे एक एप्सिलॉन (ग्रीक ‘ए’) घालून ‘मेइथ्रस’ लिहिलं की 365. एइ आणि इ यांचे उच्चार तोवर एकच झाले होते, म्हणून कानाला फरक नाही आणि शुद्धलेखनवालेही फार ओरडणार नाहीत. ख्रिस्ती धर्मपंडित जेरोम 5व्या शतकाच्या सुरुवातीला सांगतो की बासिलिडीसच्या आब्रासाक्सचा आणि लोकांच्या मेइथ्रसचा आकडा एकच.

इथे मला राहवत नाही. प्राचीन इजिप्तचं वर्ष म्हणजे 30 दिवसांचे 12 महिने, म्हणजे 360, आणि वर्षाच्या शेवटी वेगळे जोडलेले पाच दिवस. एप्सिलॉनची किंमत किती? पाच! मिथ्रसच्या नावात तो एप्सिलॉन शिरतो तेव्हा 360 वर पाच दिवसच चढतात. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की हर्मीस देवाने चंद्रदेवीशी सोंगट्यांचा डाव मांडला, तिच्या प्रकाशाचा सत्तरावा भाग जिंकला आणि त्यातून हे पाच दिवस केले. ओसिरिस, इसिस वगैरे पाच देव त्याच दिवसांत जन्मले. 360 ला 70 ने भागा, पाच आणि वर चिमूटभर. हा मेळ कुणी मुद्दाम साधला असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण असा एप्सिलॉन घालणाऱ्याला पंचांग ठाऊक नसेल, हे मला अशक्य वाटतं.

राहिलं लेखन. ताइतांवर बहुधा आब्रासाक्स आहे, लॅटिन लेखकांनी सिग्मा आणि क्सी उलटसुलट करून अब्राक्सास केलं. बेरजेला अक्षरांचा क्रम लागत नाही, त्यामुळे चूक होऊनही 365 चे 365 च राहिले आणि ती सुधारायची कुणाला गरजच पडली नाही. मराठीत आब्रासाक्स लिहावं.