कार्यालयाच्या सर्व्हरसाठी बॅकअपचे साधन निवडताना

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची दोन्ही कोटेशने सावकाश वाचली. सांगलीतील त्या करसल्लागारांच्या कार्यालयात सर्व्हर एकच आहे, माणसे बारा आहेत आणि टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली कागदपत्रे व जुनी विवरणपत्रे मिळून दीड टीबीचा ऐवज आहे. किती टीबीचे उपकरण घ्यावे हे दोन्ही विक्रेत्यांनी सांगितले आहे; पण सर्व्हर बंद पडला तर काम किती तासांत पुन्हा सुरू व्हायला हवे, हे कोणीच विचारलेले नाही, आणि खरेदीची सुरुवात मात्र त्याच प्रश्नापासून व्हायला हवी. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला सुमारे ११० एमबी वेग मिळाला, तर दीड टीबी परत आणायला चार तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. बारीकसारीक फायली पुष्कळ असतील तर त्याहून जास्त. तोच डेटा १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून उतरवायचा म्हटला, तर पूर्ण वेग मिळूनही तेहेतीस तास जातात. विवरणपत्राची मुदत दुसऱ्या दिवशी संपत असेल, तर केवळ क्लाउडवर विसंबणाऱ्या कार्यालयाची काय अवस्था होईल, याचा विचार कर.

म्हणून माझे मत दोन डिस्कच्या एनएएसकडे, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीकडे, झुकते. त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जाईल अशा, लाव. दीड टीबीला चार टीबी कशाला, असे मालक विचारतील. त्यांना सांग की आपल्याला कालचीच नव्हे, तर तीन महिन्यांपूर्वीची प्रतही हवी आहे, कारण बिघडलेली फाइल पुष्कळदा उशिरा लक्षात येते. मात्र रेडलाच बॅकअप समजू नकोस. एक डिस्क मेली तर रेड काम चालू ठेवतो, पण कोणी चुकून पुसलेले फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीसे होते.

डिस्क निवडताना सर्वांत जास्त काळजी घे. काही हार्ड डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी लेखनाच्या मार्गिका मंगलोरी कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवलेल्या असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. तिथे एका मार्गिकेत बदल करायचा तर शेजारच्या मार्गिकाही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे सलग मोठे लेखन सुरू झाले की वेग कोसळतो, आणि रेडमधली मेलेली डिस्क बदलून नवीवर सगळा डेटा पुन्हा भरताना तर हे काम फार रेंगाळते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ (इंग्रजी Red, लाल) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. एनएएससाठी म्हणून त्या घेणाऱ्यांना हे आधी सांगितलेले नव्हते. तेव्हा खोक्यावर ‘एनएएस’ लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन ती डिस्क सीएमआर, म्हणजे मार्गिका एकमेकींवर न चढवलेली, आहे याची उत्पादकाच्या माहितीपत्रकातून खात्री करून घे.

एनएएस कायम नेटवर्कवर असतो, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभर काय केले ते तू वाचले असशील. असे रॅन्समवेअर ज्या ज्या ड्राइव्हवर लिहू शकते, ते सारे कुलूपबंद करते. बॅकअपचे फोल्डर कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ड्राइव्ह म्हणून दिसू देऊ नकोस, बॅकअपसाठी वेगळे खाते ठेव, आणि एनएएस इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नकोस.

एवढे करूनही एक प्रत अशी हवी की जिला कोणतीही तार जोडलेली नाही. त्यासाठी तीन बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्क घे आणि त्या दर आठवड्याला आळीपाळीने वापर. एक कामात, एक कपाटात, एक कार्यालयाबाहेर. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर त्या शहराने अनुभवला आहे, तेव्हा बाहेरची डिस्क शेजारच्या गल्लीत ठेवून चालणार नाही. पाणी पोहोचणार नाही असे घर शोध. अशिलांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील तिच्यात असल्यामुळे ती एन्क्रिप्ट केलेलीच हवी, आणि तिची किल्ली डिस्कबरोबर ठेवू नये. इथे एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क, घेण्याचा मोह टाळ. लेखनक्षमता संपत आलेल्या साध्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा चिप-उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकात आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याहून कडक असतो.

दुसऱ्या कोटेशनमधील एलटीओ टेप, म्हणजे डेटा साठवण्याची चुंबकीय फीत, सरळ वगळ. एलटीओ-९ ची एक टेप १८ टीबी घेते, पण तिचा ड्राइव्ह लाखांच्या घरात जातो आणि तो बिघडला तर टेप वाचायला दुसरा कुठून आणणार? त्यातून वाचलेल्या पैशात चांगला यूपीएस येईल. तो यूएसबीने एनएएसला जोडला की वीज गेल्यावर एनएएस आपोआप नीट बंद होतो.

बिल चुकते करण्यापूर्वी विक्रेत्याच्या माणसाला समोर बसवून एका अशिलाचे पूर्ण फोल्डर आणि टॅलीची एक कंपनी दुसऱ्या संगणकावर परत आणून दाखवायला सांग, आणि टॅलीत ती कंपनी उघडून शेवटचे व्हाउचर जुळते का ते स्वतः पाहा. नव्या कोटेशनमध्ये डिस्कचे मॉडेल क्रमांक लिहून आले की मला पाठव; ऑर्डर त्यानंतर दे.